ट्रॉलीच्या मागचा कंदील

(शताब्दी सोहळ्यात सप्ताहाच्या सहाव्या रात्री, कीर्तनाच्या आधी, दिंडीतल्या ट्रॅक्टर-टेम्पोवाल्या मंडळींना जवळ बसवून केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



आम्ही चौथी शिकलेला माणूस. चार बुकं वाचली ती देवळात बसून वाचली. हातात नांगर, गळ्यात माळ आणि तोंडात नाम, एवढीच आमची शिदोरी. त्यामुळं भाषण म्हणून काही येत नाही. कीर्तनाला उभं राहिलो की वाचा फुटते, कारण तिथं बोलणारे आम्ही नसतो. आज मात्र आमचं आम्हालाच बोलायचं आहे, म्हणून जरा अडखळेल. सांभाळून घ्या.

काल याच मांडवात पाहुणे मंडळींची भाषणं झाली. सगळ्यांनी दिंडीचं कौतुक केलं. शंभर वर्षं वारी चुकली नाही, पाऊस असो, दुष्काळ असो, पताका पंढरीला गेली. ऐकून ऊर भरून आला. मग एक जण म्हणाले, शंभर वर्षांत या दिंडीत कुणाच्या केसाला धक्का लागला नाही, ही माउलीची कृपा. टाळ्या झाल्या. आम्हीपण हात उचलले, पण ते एकमेकाला लागले नाहीत. तसेच खाली घेतले.

रात्रभर झोप नाही. सकाळी विणेकरी माउलींकडं गेलो आणि म्हणलं, आम्हाला अर्धा तास द्या. ते आमच्याकडं बघत राहिले. त्यांना ठाऊक आहे. इथं बसलेल्या सात-आठ म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. बाकी पोरांना ठाऊक नाही. आता शंभर वर्षांचं पुस्तक छापतंय, त्यात 'धक्का लागला नाही' असं छापून आलं तर ते खोटं होईल, आणि त्या खोट्याखाली आमचं नाव दडलेलं असेल. दिंडीतला वारकरी गेला नाही, हे खरं. पण दिंडीपायी एक माणूस गेला. तो आमच्या हातून गेला.

साल 1996. कार्तिकी वारी. तेव्हा आम्ही पस्तिशीत होतो. दिंडीचं सामान आमच्या ट्रॅक्टरवर असायचं: भांडी, शिधा, तंबू, सतरंज्या. दिंडी पहाटे काकडा करून निघायची आणि आम्ही तिच्या आधी, तीन-साडेतीनला, ट्रॉली घेऊन पुढं जायचो. कारण पुढच्या मुक्कामावर चूल पेटली पाहिजे, माणसं पोहोचली की पंगत बसली पाहिजे. सगळ्या दिंड्यांत हेच चालतं, आजही चालतं.

कुर्डुवाडीच्या अलीकडं ट्रॉलीचा डावा टायर फुटला. रस्ता तेव्हा अरुंद. कडेला काळी माती, वरून पाऊस होऊन गेलेला. भरलेली ट्रॉली खाली घेतली तर रुतेल, म्हणून आम्ही ती डांबरीवरच ठेवली. निम्मी डांबरीवर, निम्मी साईडपट्टीवर. बरोबरच्या माणसाला पंक्चरवाल्याकडं पिटाळलं. चाकाला दोन धोंडे लावले. लिंबाचा एक डहाळा तोडून मागं खोवला, तशी रीतच होती. बॅटरी उतरू नये म्हणून ट्रॅक्टरचे दिवे बंद केले. ट्रॉलीला मागं दिवा नव्हताच. तेव्हा कुणाच्याच ट्रॉलीला नसायचा.

आणि आम्ही काय केलं? कडेच्या लिंबाखाली घोंगडी अंथरली आणि हरिपाठ म्हणत बसलो. वेळ वाया कशाला घालवायचा!

माउली, तोंडात हरिपाठ होता आणि ट्रॉलीच्या मागं अंधार होता.

साडेचारच्या सुमारास एक एम-एटी आली. दुधाचे दोन कॅन लावलेली. पोरगा डेअरीला दूध घालायला निघाला होता. समोरून एक ट्रक आला, त्याचा फोकस त्याच्या डोळ्यांवर. ट्रक गेला आणि पुढच्या क्षणाला आवाज झाला. तो आवाज आम्ही सांगत नाही. आम्ही धावलो. रस्त्यावर सगळं दूध सांडलेलं होतं. पोराला मांडीवर घेतलं. दिवस उगवायच्या आत तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

पंचनामा झाला, कोर्टाच्या तारखा झाल्या, कायद्यानं जे व्हायचं ते झालं. ते सोडा. तेराव्याला आम्ही त्याच्या घरी गेलो. माणसं म्हणत होती जाऊ नका, मारतील. कुणी मारलं नाही. त्याची आई ओसरीवर बसली होती. तिनं आमच्या गळ्यातली माळ बघितली, कपाळाचा बुक्का बघितला. मग विचारलं, "बुवा, तुमच्याजवळ कंदील नव्हता का?"

आम्ही म्हणलं, "होता."

"कुठं होता?"

"ट्रॉलीत. भांड्यांच्या पाटीत."

"रॉकेल होतं त्यात?"

"होतं."

ती म्हणाली, "मग लावला का नाही?"

एवढंच. पुढं ती काही बोलली नाही. आम्हालाही उत्तर आलं नाही. आज एकोणतीस वर्षं झाली, अजून आलेलं नाही. खरं सांगायचं तर रॉकेल मुक्कामावर तंबूत लागेल म्हणून वाचवलं होतं. मूठभर रुपयांचं रॉकेल.

घरी येऊन आम्ही ठरवलं, कीर्तन बंद. या तोंडानं नाम घ्यायचं नाही. तेव्हाचे विणेकरी बाबा आता नाहीत. ते आमच्याकडं आले. म्हणाले, "तू कीर्तन बंद केलंस म्हणून त्या माउलीचा पोरगा परत येणार आहे का? तुला प्रायश्चित्त पाहिजे ना? मग ऐक. आजपासून दिंडीची ट्रॉली निघायच्या आधी तिच्या मागं कंदील तू स्वतः लावायचा. जिवंत असेपर्यंत. आणि तो विझला तर ट्रॉली थांबवायची."

तेव्हापासून आम्ही लावतो. पुढं कंदील गेला, लाल दिवा आला, रेडियमच्या पट्ट्या आल्या, पण निघण्याआधी मागं जाऊन हात लावून बघायचं हे आमचं काम. पोरं हसायची, "बुवा ट्रॉलीच्या पाया पडायला गेले." पडू द्या हसं. आम्ही खरंच पायाच पडत होतो.

आता कंदिलाची गोष्ट संपली. कामाचं बोलतो. ड्रायव्हर दादा, तुम्ही नीट ऐका. आम्ही पुस्तकातलं सांगत नाही. तीस-पस्तीस वर्षं रात्रीची वाट बघून, आणि आमच्या नातवानं कागदावर हिशोब मांडून दाखवलेलं, असं दोन्ही मिळून सांगतो.

पहिलं, मागचा उजेड. आपल्याला पुढचं दिसलं पाहिजे याची काळजी सगळे घेतात. आपण मागच्याला दिसलो पाहिजे याची कुणी घेत नाही. ट्रॉलीला मागं लाल रेडियम, पुढं पांढरं, दोन्ही बाजूंना पिवळं. नुसतं लावून भागत नाही. त्यावर चिखल बसतो, वर टाकलेल्या ताडपत्रीचं टोक खाली लोंबतं आणि पट्टी झाकून जाते. कार्तिकीच्या दिवसांत आपल्या भागात कारखाने सुरू होतात. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर. पाचट मागं लोंबत असतं आणि सगळा दिवा त्याच्या आड जातो. अशी बैलगाडी आडवी आली तर शिव्या देऊ नका. थांबा, त्या गाडीवानाला रेडियमचा तुकडा द्या. दिंडीच्या पेटीत या वर्षापासून चार गुंडाळ्या जास्त ठेवल्या आहेत त्या याचसाठी.

गाडी बंद पडली तर आधी ती डांबरीवरून खाली घ्या. रुतली तर रुतली, दुसरा ट्रॅक्टर ओढून काढेल. माणूस रुतला तर कुणी काढत नाही. चारी इंडिकेटर चालू करा. मागं पन्नास-साठ पावलांवर लाल चमकणारा त्रिकोण ठेवा, आणि बॅटरी घेऊन एक माणूस साईडपट्टीच्या बाहेर उभा करा. गाडीतली माणसं उतरवून रस्त्यापासून लांब, शेताच्या बाजूला बसवा. डहाळ्यावर विश्वास ठेवू नका. अंधारात डहाळा दिसत नाही, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि चाक बदललं की लावलेले धोंडे उचलून कडेला टाका. आपण पंढरीला पोहोचतो आणि आपला धोंडा मागच्या मोटारसायकलवाल्याची वाट बघत रस्त्यात बसतो.

दुसरं, झोप. ही सगळ्यात मोठी वैरीण. तीसुद्धा अशी की पायांचा आवाज न करता येते. आता आपली वारी कशी असते बघा. एकादशीचा उपास. चंद्रभागेचं स्नान. दिवसभर रांग. रात्री जागर, कीर्तन. द्वादशीला पारणं सोडलं की सगळ्यांना घर दिसायला लागतं. "चला रातोरात निघू, सकाळी पेरणीला गाठू." आणि ज्याच्या हातात स्टेअरिंग द्यायचं, तो ड्रायव्हरसुद्धा आपल्याबरोबरच उपाशी आणि जागा! त्यानं काय पाप केलं? आम्ही टाळ वाजवताना डुलकी खाल्ली तर टाळ चुकतो. त्यानं खाल्ली तर चाळीस घरं चुकतात.

म्हणून आम्ही सांगतो, ड्रायव्हरला जागर नाही. एकादशीच्या रात्री त्यानं झोपायचं. त्याची झोप हेच त्याचं कीर्तन. उपास करायचा तर करावा, पण निघण्याआधी पोटभर जेवावं. त्यातही पोटाला तडस लागेल असं नको. कुणी त्याला म्हणेल, "काय रे, जागराला नव्हतास?" तर म्हणणाऱ्याला आमच्याकडं पाठवा.

वीणा बघा. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पण एकच माणूस सात दिवस उभा राहतो का? पहारे लावतो आपण. दोन तास झाले की पुढचा येतो, नमस्कार करतो, वीणा त्याच्या गळ्यात जाते, मगच पहिला बाजूला होतो. तसंच स्टेअरिंगचं. लांबचं जाणं असेल तर दोन ड्रायव्हर घ्या आणि दोन-अडीच तासांनी बदला. दुसरा नसेल तर थांबा. डोळे जड झाले, जांभया आल्या, मागचा फाटा कधी गेला ते आठवेना, गाडी आपोआप कडेच्या पट्टीवर जायला लागली, की समजा पहारा संपला. काच खाली करून, तोंडावर पाणी मारून, गाणी लावून झोप जात नाही, दोन मिनिटं दडून बसते. चहानं थोडा वेळ बरं वाटतं, पण चहा म्हणजे झोप नव्हे. रस्त्याच्या खाली, पंपावर किंवा ढाब्यावर गाडी लावा आणि वीस मिनिटं झोपा. वीस मिनिटांनी पंढरी लांब जात नाही. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ सगळ्यात वाईट. त्या वेळेला शरीर झोपच मागतं, तुम्ही कितीही सराईत असा.

ड्रायव्हरशेजारी जो बसतो तो चोपदार. चोपदारानं चोप वर केला की अख्खी दिंडी गप्प होते, तेवढा त्याचा मान. शेजारच्या माणसाला तेवढा मान द्या. तो म्हणाला थांब, की थांबायचं. आणि चोपदारानं झोपायचं नसतं. शेजारी बसून घोरणाऱ्याला मागं पाठवा.

तिसरं, वेग. हे नातवानं समजावलं. गाडी ताशी साठनं चालली असेल तर एका सेकंदात ती पंचावन्न फूट जाते. गुंठ्याची एक बाजू तेहतीस फूट, म्हणजे 'विठ्ठल' म्हणेस्तोवर दीड गुंठ्याहून जास्त लांबी मागं पडली. आता डिपरवर हेडलाइटचा उजेड नीट पडतो तो शे-दीडशे फूट. त्यात काही आडवं दिसलं, डोळ्यांनी बघितलं, मनाला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच साठ-ऐंशी फूट गेले. मग गाडी घासत थांबायला आणखी साठ-सत्तर फूट. साठला जेमतेम काठावर हिशोब बसतो. ऐंशीला बसत नाही. गाडी भरलेली, रस्ता ओला, टायर गुळगुळीत, तर साठलासुद्धा बसत नाही. याचा अर्थ सोपा आहे. जेवढा आपला उजेड, तेवढ्यातच थांबता येईल एवढाच आपला वेग. उजेडाच्या पुढं पळणारा माणूस आंधळा असतो, डोळे उघडे असले तरी.

चौथं, डिपर. समोरून गाडी आली की अप्पर खाली करा. तो करत नाही म्हणून आपणही करायचा नाही, हा हट्ट सोडा. दोघंही आंधळे झाले तर मरणार कोण, जो चुकला तोच का? समोरच्या फोकसकडं बघू नका. नजर आपल्या डाव्या हाताला, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग कमी करा. गाडी गेली तरी पुढचे काही सेकंद डोळ्यांपुढं अंधारी असते. आमच्या दूधवाल्या पोराचं तिथंच झालं. ट्रक गेला, त्याला वाटलं रस्ता मोकळा आहे.

पाचवं, काच आणि डोळे. काचेवर धूळ, आतून तेलकट हात, बाहेरून तंबाखूची पिंक. दिवसा चालून जातं, रात्री समोरचा फोकस पडला की सगळी काच पांढरी होते. निघण्याआधी काच, हेडलाइट, आरसे ओल्या फडक्यानं पुसा. आणि डोळे दाखवा. आम्हाला बासष्टाव्या वर्षी समोरच्या दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. आम्ही म्हणायचो, धुकं पडलंय. उन्हाळ्यात कुठलं धुकं? मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण त्या दिवशी रात्रीच्या ट्रॅक्टरची किल्ली पोराच्या हातात दिली ती दिलीच. साठीच्या पुढच्या माझ्या भावांनो, पोराच्या हातात किल्ली देण्यात कमीपणा नाही. वीणा देतोच की आपण.

सहावं, प्रदक्षिणा. मुक्कामावर आपली माणसं कुठं झोपतात? सावली असते, आडोसा असतो, दव लागत नाही, म्हणून ट्रकखाली, ट्रॉलीखाली अंग टाकतात. दमलेला जीव, डोक्यावरून घोंगडी घेतली की माणूस आहे का पोतं आहे कळत नाही. आणि पहाटे अंधारात ड्रायव्हर चढतो, चावी फिरवतो, मागं घेतो. अंगावर काटा येतो. म्हणून ड्रायव्हर दादा, गाडी सुरू करण्याआधी बॅटरी घेऊन गाडीला एक प्रदक्षिणा. वाकून खाली बघायचं. त्याच फेरीत चारी टायर, मागचा दिवा, ताडपत्री, बांधलेला दोर, सगळं बघून होतं. देवळात अकरा घालता, इथं एक घाला. मागं घेताना मागं माणूस पाहिजेच. आणि माय-माउल्यांनो, गाडीखाली झोपायचं नाही, नातवंडांना झोपवायचं नाही. तंबू कमी पडला तर आम्हाला उठवा, आम्ही आमची जागा देतो.

तसंच, सामानाच्या ट्रॉलीत माणसं भरायची नाहीत. कायद्यालाही ते मान्य नाही. आपण म्हणतो, देवाच्या कामाला काय होतंय. होतं, माउली. ट्रॉली उलटली की भांडी आणि माणसं एकाच ढिगात. आषाढी-कार्तिकीला एसटी जादा गाड्या सोडते. पूर्वी आपले आजे कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं पंढरपूर गाठायचे, आता मोठी रेल्वे आहे. ज्याला चालवत नाही त्यानं त्यातून यावं.

सातवं पायी चालणाऱ्यांसाठी. मोठ्या पालख्यांना पोलीस रस्ता मोकळा करून देतात. आपली दिंडी लहान. आपण चालू रस्त्यानं चालतो. 31 ऑक्टोबर 2022 ची गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. करवीर तालुक्यातली एक दिंडी कार्तिकीला निघाली होती. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ, दिवेलागणीच्या वेळेला मागून मोटार घुसली. सात वारकरी गेले. ती बातमी आली तेव्हा आम्ही जेवत होतो, ताट तसंच सरकवलं.

तेव्हा दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा. कार्तिकात सहाच्या आसपास अंधार पडतो हे धरून सकाळी निघायचं. पहाटे चालायचंच असेल तर एक ध्यानात घ्या. आपली वारी शुद्ध पक्षातली. संध्याकाळी चांदणं असतं, आपण म्हणतो काय झकास उजेड आहे. पण तोच चंद्र पहाटेच्या आधी मावळतो. पहाटे ठार काळोख असतो. पुढं पताकेजवळ एक पांढरी बॅटरी, मागं शेवटच्या ओळीच्या मागं दोन माणसं लाल दिवा घेऊन, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. तीन-चारच्यावर ओळ रुंद करायची नाही. पांढरं धोतर, पांढरी टोपी लांबून दिसते, पण वरून काळी घोंगडी घेतली की सगळं झाकतं. घोंगडीला मागं रेडियमची चिंधी शिवा. एकटा-दुकटा माणूस मागं राहिला तर त्यानं उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चालावं. कानात मोबाईलची बोंडं घालून चालायचं नाही. भजन ऐकायचं तर दिंडीत ऐका, फुकट आहे.

आता शेवटचं. एवढं करूनही काही झालं तर पळायचं नाही. आपली चूक असो नसो, जखमी माणसाला टाकून जायचं नाही. 108 ला फोन करा, गाडी फुकट येते. पोलिसांना 112. कोणत्या फाट्याजवळ, कितव्या किलोमीटरच्या दगडाजवळ, ते नीट सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ उपरणं घट्ट दाबून धरा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. मान लचकली असेल तर ओढाओढ करू नका. लोक म्हणतात, कशाला पोलिसांच्या झंझटीत पडता. 2016 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, 2019 ला कायद्यातही आलं, की मदत करणाऱ्याला कुणी छळायचं नाही, त्याच्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही. तेव्हा ती सबब आता उरली नाही. आम्ही त्या पोराला मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हा दोन गाड्या आमच्याजवळून गेल्या. थांबल्या नाहीत. त्यांना दोष देत नाही, त्यांनाही आमच्यासारखंच काहीतरी वाचवायचं असेल.

म्हातारे म्हणतात, पूर्वी बैलगाडीनं वारी व्हायची तेव्हा असं होत नव्हतं. खरं आहे. आखाखाली कंदील टांगलेला असायचा, गाडीवान झोपला तरी बैल वाट सोडत नव्हते. बैलाला जीव प्यारा होता. ट्रॅक्टरला जीव नाही. त्याच्या वाटणीची काळजी आपल्यालाच करावी लागते.

काही जण म्हणतील, बुवा, मरण-जगणं त्याच्या हातात, आपण कोण? आम्हीही आधी असंच म्हणायचो. मग एक दिवस शेतात विचार केला. पाऊस त्याच्या हातात आहे म्हणून आपण बांध घालायचा सोडतो का? पीक त्यानं दिलं तरी राखण आपणच करतो. ज्या विठ्ठलाला आपण सगळ्यांच्यात बघतो, तो त्या एम-एटीवरही बसलेला होता. त्याच्यासाठी आम्ही दिवा लावला नाही. तो आम्हाला भेटायला मागून आला आणि आम्ही अंधारात बसून त्यालाच हाक मारत होतो.

आता आमची एक विनंती आहे. पुस्तकात 'कुणाला धक्का लागला नाही' हे वाक्य घालू नका. त्या जागी हे भाषण घाला. त्या पोराचं नाव घालू नका, त्याच्या घरच्यांना पुन्हा त्रास नको. त्याची आई चार वर्षांपूर्वी गेली. आम्ही दर कार्तिकीला तिच्या दारावरून जायचो. पहिली काही वर्षं ती आत निघून जायची. एका वर्षी तांब्या भरून पाणी बाहेर ठेवलं. बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. पाणी प्यालो, तांब्या पालथा घातला आणि ट्रॉलीचा मागचा दिवा तिला दिसेल असा दाखवून पुढं गेलो. त्यानंतर दर वर्षी तांब्या असायचा.

हा कंदील बघा. तोच आहे. काच दोनदा बदलली, बाकी तोच. आता गुडघे वाकत नाहीत, रात्रीचं नीट दिसत नाही. पुढच्या वारीपासून निघण्याआधी ट्रॉलीच्या मागं जायचं काम या पोराकडं देतो. हा आपला नवा ट्रॅक्टरवाला, वय चोवीस. ये रे बाळा, पुढं ये. लाजू नको. दिवा बॅटरीचा लाव, रेडियम लाव, नवं जे काही येईल ते लाव. पण आधी हा हातात घे. आणि कुणी विचारलं, "लावलास का?" तर तुला 'हो' म्हणता आलं पाहिजे.

एवढंच मागणं. चुकलं-माकलं पदरात घ्या. कीर्तनाला उशीर झाला, बुवांची क्षमा मागतो.

राम कृष्ण हरि.